उघड्यावर शौचाला जावं लागलं तर: कचरा, स्वच्छता आणि शिष्टाचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डोंगरात, जंगलात, वाळवंटात किंवा नदीकाठच्या मुक्कामात पोट आपलं वेळापत्रक बदलत नाही. तिथे टॉयलेट नसेल तर काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, पण निघण्याआधी विचारायला जीभ रेटत नाही. मग जो तो झाडामागे आपापल्या परीने उरकतो आणि त्याची खूण पुढच्या माणसाला सापडते. खाली लाजबीज बाजूला ठेवून उत्तरं दिली आहेत. शब्द सरळ आहेत, जेवताना वाचू नका.

वाटेत टॉयलेट आहे, पण घाण आहे. त्यापेक्षा झाडी बरी नाही का?

नाही. नाक दाबा आणि तेच वापरा. तिथली घाण एका जागी आहे आणि ती उपसायची काही ना काही सोय केलेली असते. प्रत्येकाने झाडी गाठली, तर महिन्याभरात त्या टॉयलेटभोवतीचं रान टॉयलेटपेक्षा वाईट होतं. मुक्कामाच्या प्रत्येक लोकप्रिय जागेची हीच कहाणी असते.

दोन गोष्टी मात्र पाळा. खड्ड्याच्या टॉयलेटमध्ये प्लॅस्टिक, पॅड, वाइप्स, बाटल्या टाकू नका. तो मैला पंपाने उपसतात, पाइपात कचरा अडकला की कुणाला तरी तो हाताने काढावा लागतो. आणि झाकण असेल तर ते बंद करून या. अशा टॉयलेटला वर जाणारा हवेचा पाइप असतो, झाकण उघडं राहिलं की वास त्या पाइपातून बाहेर जाण्याऐवजी खोलीत साचतो.

किती लांब जायचं?

पाणी, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून किमान २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं धरा. अंधारात किंवा पावसात हे अंतर आपोआप वीस पावलांवर येतं, म्हणून पावलं मोजाच.

‘पाणी’ म्हणजे फक्त वाहती नदी नव्हे. ओढ्याचं कोरडं पात्र, पावसाळ्यात भरणारी घळ, दलदल, डबकं हे सगळं त्यात आलं. उन्हाळ्यात ओढ्याचं पात्र मऊ वाळूचं असतं, दोन्ही बाजूंनी आडोसा असतो, त्यामुळे पावलं तिकडेच वळतात. पण पहिल्या पावसात ते सगळं धुऊन सरळ प्यायच्या पाण्यात जातं. उतारही बघा. झऱ्याच्या वरच्या अंगाला बसण्यापेक्षा पलीकडच्या उताराला गेलेलं बरं.

लांब जाताना एकाला तरी सांगून जा. रात्री टॉर्च आणि शिट्टी घ्या. परतीची वाट चुकणं ही विनोदाची गोष्ट वाटते, पण धुक्यात शंभर पावलांवरचा तंबूसुद्धा दिसत नाही.

खड्डा केवढा खणायचा?

१५ ते २० सेंटीमीटर खोल आणि १० ते १५ सेंटीमीटर रुंद. पंजा पसरून मनगटापर्यंत आत गेला की खोली बरोबर आहे असं समजा. त्याहून उथळ खणला तर प्राणी उकरतात, पाऊस उघडं पाडतो. आणि जास्त खोल खणण्यातही शहाणपण नाही. विष्ठा कुजवणारे जिवाणू आणि किडे मातीच्या वरच्या थरात राहतात, खाली हवा कमी, जीव कमी.

जागा निवडताना काळी, भुसभुशीत, पालापाचोळा मुरलेली माती शोधा. थोडं ऊन लागणारी जागा असेल तर उत्तम. मुरमाड किंवा चिकण मातीत काही लवकर कुजत नाही. उष्ण, कोरड्या प्रदेशात जिथे खणायला परवानगी आहे तिथे १० ते १५ सेंटीमीटर पुरतात, कारण तिथे मातीतल्या जिवांपेक्षा उन्हाची ऊब जास्त काम करते.

बुटाच्या टाचेने केलेला खळगा म्हणजे खड्डा नव्हे. छोटं खुरपं किंवा ट्रॉवेल सोबत हवंच. आणि घाई लागायच्या आधी खणा. सकाळी घाई होणार हे माहीत असेल तर रात्रीच खड्डा खणून शेजारी खुरपं रोवून ठेवावं. खणलेल्या मातीचा ढीग बाजूला नीट ठेवा. काम झालं की थोडी माती आत टाकून काटकीने ढवळा, काटकी आतच सोडा, मग उरलेली माती आणि वर पालापाचोळा. ढवळायला लोक नाक मुरडतात, पण विष्ठा मातीत जितकी मिसळेल तितकी लवकर कुजते. खुरप्याने मात्र ढवळू नका, ते फक्त मातीला लागलं पाहिजे.

खणत बसण्यापेक्षा वर एक मोठा दगड ठेवला तर?

दगडाखाली विष्ठा मातीत मिसळत नाही, हवा लागत नाही, ऊन लागत नाही. महिनोन्‌महिने तशीच राहते. आणि मग कुणीतरी चूल मांडायला नेमका तोच दगड उचलतं.

नीट पुरलं की विषय संपला ना?

निम्माच संपतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या डोंगराळ भागात संशोधकांनी जिवाणू मिसळलेली विष्ठा वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवली. आख्खा हिवाळा सरल्यावर उकरून पाहिलं, तरी पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणू जिवंत होता. किती खोल पुरलं याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे खड्डा आजार मारत नाही. तो माणसं, प्राणी, माश्या आणि पावसाचं वाहतं पाणी यांना काही काळ दूर ठेवतो, एवढंच. म्हणूनच पाण्यापासूनचं अंतर खड्ड्याच्या खोलीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. खोल खणलंय म्हणून ओढ्याजवळ बसलं तर चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. रोज दोनचार माणसं जातात तिथे खड्डे चालतात. शेकडो जातात तिथे एकाच वर्षात त्या जमिनीला किती खड्डे पडणार? काही जागी खुरपं मारावं तिथे आधीच्या कुणाचं तरी निघतं. अशा ठिकाणी पिशवीत भरून परत आणणं हाच एक मार्ग उरतो.

खरंच पिशवीत भरून परत आणतात लोक?

हो, आणि बऱ्याच ठिकाणी ते सक्तीचं आहे. २०२४ पासून एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूला खुंबू पासांग ल्हामू ग्रामपालिकेने गिर्यारोहकांना अशा पिशव्या नेणं बंधनकारक केलं. अलास्कातल्या डेनाली शिखरावर घट्ट झाकणाचा डबा पाठीवर घेऊन चढतात. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीच्या वाटेवरची टॉयलेटं २००० च्या दशकात काढून टाकली आणि तेव्हापासून परवान्यासोबत पिशवी हातात देतात.

या पिशव्यांना बोलीत ‘वॅग बॅग’ म्हणतात. आतल्या पिशवीत एक पावडर असते, ती ओलावा शोषून त्याचा घट्ट गोळा करते आणि वास दाबते. वरची पिशवी जाड, न फाटणारी, झिप लावायची. पिशवी जमिनीवर पसरून तोंड उघडं धरायला चार कडांना दगड ठेवायचे, वापरायची, हवा काढून बंद करायची, दुसऱ्या पिशवीत घालायची. लघवी आधी बाहेर करून घेतली तर वजन बरंच वाचतं.

तयार पिशवी नसेल तर दोन जाड झिपच्या पिशव्या, थोडा लाकडाचा भुसा किंवा मांजरासाठी मिळते ती माती, आणि हे सगळं ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. डबा अपारदर्शक घ्या आणि खाण्याच्या सामानापासून लांब, सॅकच्या बाहेर बांधा. उन्हात फार तापू देऊ नका, आत वायू धरतो.

परतल्यावर पावडरवाली पिशवी, ती बनवणाऱ्याने तसं सांगितलं असेल तर, साध्या कचऱ्यात चालते. खड्ड्याच्या टॉयलेटमध्ये पिशवीसकट टाकायची नाही. आणि ‘येताना उचलू’ म्हणून वाटेकडेच्या झुडपाला लटकवून पुढे जायचं नाही. येताना वाट बदलते, अंधार पडतो, पाऊस येतो, आणि पिशवी तिथेच राहते. प्लॅस्टिकमध्ये बांधलेली विष्ठा ही उघड्या विष्ठेपेक्षा वाईट, कारण ती कुजतही नाही.

बर्फात काय करायचं?

बर्फात खणलेला खड्डा म्हणजे फ्रिजर. ऊन वाढलं की सगळं जसंच्या तसं वर येतं, बहुतेकदा नेमकं तिथे जिथे पुढची माणसं पाण्यासाठी बर्फ वितळवतात. हिमभेगेत टाकलं की गेलं, असं गिर्यारोहक पूर्वी धरून चालत. पण डेनालीजवळच्या काहिल्टना हिमनदीच्या अभ्यासातून दिसलं की हिमनदी सरकते तसा तो मैलाही खाली सरकतो आणि आज ना उद्या उघडा पडणारच. म्हणून बर्फात पिशवी. जवळपास बर्फ नसलेली मोकळी माती मिळाली तर खड्डा, नाहीतर पिशवीच.

मोठे सलग कातळ, गुहा, अरुंद घळी आणि वाळवंटातली काळपट, खरखरीत सायीसारखी जमीन यांनाही हाच नियम. ती साय जिवंत असते, निळ्या-हिरव्या जिवाणूंनी आणि शेवाळाने बांधलेली. एका पावलाने मोडते आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात.

टॉयलेट पेपर तर कागदच आहे. पुरला तर कुजेल की.

कुजेल, पण तुम्हाला वाटतं तितक्या लवकर नाही. टास्मानियात संशोधकांनी टॉयलेट पेपर, टिश्यू आणि टॅम्पॉन निरनिराळ्या जमिनींत पुरून दोन वर्षं पाहणी केली. थंड, आम्लधर्मी, उंचावरच्या जमिनीत दोन वर्षांनंतरही कागद बराचसा शिल्लक होता. टॅम्पॉन तर त्याहून हळू कुजत होते. उबदार, सकस मातीत चित्र बरं असतं, पण तुम्ही उभे आहात ती माती कोणती हे उभ्या उभ्या कळत नाही.

शिवाय कागद कुजायच्या आधी बाहेर येतो. प्राणी वासाने उकरतात, विष्ठा किडे आणि पाऊस संपवतात, आणि कागद झुडपांवर पांढऱ्या झिरमिळ्यांसारखा उडत राहतो. रानात माणसाची घाण म्हणून जी दिसते त्यात विष्ठेपेक्षा कागदच जास्त असतो. माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रश्नोत्तरांतला एकच नियम पाळायचा असेल, तर हा पाळा: कागद परत आणा.

कसा आणायचा? झिपची छोटी पिशवी घ्या, बाहेरून रंगीत चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे आतलं दिसत नाही. वास मारायला आत थोडी चहाची कोरडी पूड किंवा खाण्याचा सोडा टाका. वापरलेला कागद घडी घालून आत. सॅकमध्ये तिची जागा ठरलेली ठेवा. एकदा सवय झाली की त्यात काही वाटत नाही. लघवीनंतर वापरलेला टिश्यूही याच पिशवीत. ‘एवढासा तर आहे’ म्हणून टाकलेले टिश्यूच वाटेच्या दोन्ही कडांना सर्वाधिक सापडतात.

मग तिथेच जाळून टाकला तर?

अजिबात नको. २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावर एकाने वापरलेला टॉयलेट पेपर जाळला आणि त्यातून वणवा पेटला. हजारो हेक्टर जंगल गेलं, आग विझवताना एका वनकर्मचाऱ्याचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बॉइझी शहराजवळच्या टेकड्यांवर एका सायकलस्वाराने हेच केलं आणि सुमारे ७० एकर गवत जळालं. दोघांनाही आपण जबाबदारीने वागतोय असंच वाटत असणार. ओलसर कागद पूर्ण जळतही नाही, अर्धवट जळून वाऱ्यावर उडतो आणि धोका तिथेच असतो.

वेट वाइप्सवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय.

लिहू दे. पुष्कळ वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात. ज्यांत नसतात तेही रानातल्या थंड मातीत पाकिटावर लिहिल्यासारखे वागत नाहीत. वापरा खुशाल, पण परत आणा.

मी कागद वापरतच नाही, पाणी वापरतो. मग काय?

मग तुमचं ओझं हलकं. कागदाचा सगळा प्रश्नच मिटतो. पाणी वापरणाऱ्यांनी एवढंच पाहायचं की ते पाणी बाटलीत भरून खड्ड्यापाशी न्यायचं, स्वतः पाण्याकाठी जायचं नाही. ओढ्यात बसून धुणं म्हणजे खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्याच्या बाटलीत धुणं.

धुण्याची बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर खूण करा. सगळ्या बाटल्या सारख्या असल्या की अंधारात घोटाळा होतो. झाकणाला बारीक भोक पाडलं किंवा धार सोडणारं झाकण बसवलं तर अर्ध्या लीटरहून कमी पाण्यात काम होतं. पाणी खड्ड्यातच पडू द्या. पिशवी वापरत असाल तर मात्र धुण्याचं पाणी पिशवीत जाऊ न देता शेजारी छोट्या खड्ड्यात जिरवा, आधी कागदाने पुसून मग धुतलं तर उत्तम.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाण्याने धुताना हाताचा थेट संबंध येतो, त्यामुळे नंतर साबण हवाच. नुसतं पाणी ओतून हात ‘स्वच्छ’ होत नाहीत.

पानं, दगड, बर्फ?

चालतात. गुळगुळीत गोटे उत्तम, घट्ट दाबलेला बर्फाचा गोळा तर अप्रतिम, पहिला धक्का सोसला की. पानं मात्र ओळखीचीच घ्या. अंगावर पुरळ उठवणाऱ्या वनस्पती जगात सगळीकडे आहेत आणि तिथल्या कातडीवर त्यांची परीक्षा घेऊ नये. झाडावरची पानं ओरबाडू नका, खाली पडलेली घ्या, झटकून. वापरून झालं की सगळं खड्ड्यात.

सॅनिटायझर लावलं की झालं ना?

नाही. डोंगरात पोट बिघडलं की लोक पाण्याला दोष देतात, पण बरेचदा दोषी असतात ते हात, स्वतःचे किंवा स्वयंपाक करणाऱ्याचे. एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जिवाणू असतात. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस पसरायला तर त्याचे मोजके कण पुरतात, आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचंही तसंच. शिवाय हाताला माती किंवा तेलकटपणा असेल तर सॅनिटायझर कातडीपर्यंत पोहोचतच नाही.

साबण जंतूंना मारतो म्हणून नव्हे, तर सोडवून पाण्यासोबत वाहवून नेतो म्हणून उपयोगी. निदान २० सेकंद चोळा: बोटांच्या बेचक्या, नखांखाली, अंगठा. वाहत्या पाण्याची धार हवी. बाटली काखेत किंवा गुडघ्यात धरून कलती करा, किंवा कुणाला तरी ओतायला सांगा. मुक्कामाला बारीक भोकाची बाटली फांदीला टांगून खाली साबण अडकवला की सगळ्यांची सोय होते आणि टाळाटाळ करणारा लगेच दिसतो. सॅनिटायझर साबणानंतरचा जोड म्हणून ठेवा. पाणी अगदीच नसेल तेव्हा काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

खाण्याच्या पाकिटात हात घालायचा नाही, समोरच्याच्या तळहातावर ओतायचं. सुकामेव्याच्या एका पिशवीत सहा जणांचे हात जातात आणि दोन दिवसांनी सहा जणांची पोटं बिघडतात.

माझा साबण ‘नैसर्गिक’ आहे. नदीत हात धुतले तर?

तोही मातीत जिरण्यासाठीच बनवलेला असतो, पाण्यात सोडण्यासाठी नाही. पाणी भांड्यात घ्या, २०० फूट लांब जा, तिथे धुवा.

लघवीलाही नियम? ती तर निर्जंतुक असते.

निर्जंतुक असते हा गैरसमज आहे, पण निरोगी माणसाच्या लघवीपासून रोग पसरण्याचा धोका विष्ठेच्या मानाने बराच कमी, हे खरं. तिच्यामुळे होणारे उपद्रव वेगळे आहेत.

एक म्हणजे मीठ. मिठाला भुकेलेले प्राणी लघवी झालेली माती चाटतात, पानं कुरतडतात. अमेरिकेतल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये पहाडी बकऱ्यांना माणसाच्या लघवीची आणि घामाची इतकी चटक लागली की त्या माणसांच्या मागे लागू लागल्या. त्या बकऱ्या मुळात तिथल्या नव्हत्याच. शेवटी २०१८ ते २०२० या काळात शेकडो बकऱ्या हेलिकॉप्टरने उचलून दुसऱ्या डोंगररांगेत हलवल्या. म्हणून लघवी झुडपांवर न करता खडकावर, वाळूवर किंवा पालापाचोळ्यावर करा आणि जमलं तर वर थोडं पाणी ओता.

दुसरं म्हणजे वास. तंबूच्या दाराशी, गुहेच्या तोंडाशी, कातळाच्या पायथ्याशी, जिथे पाऊस पोहोचत नाही तिथे तो महिनोन्‌महिने राहतो.

तिसरं, पाणी. शिस्टोसोमा या परजीवी जंताच्या एका जातीची अंडी बाधित माणसाच्या लघवीतून बाहेर पडतात, गोगलगायींमध्ये वाढतात आणि मग पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. हा आजार युरोपात होत नाही असं मानलं जाई. तरी फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहलेल्या लोकांना तो झाल्याचं २०१४ मध्ये उघडकीला आलं. योग्य जातीच्या गोगलगायी तिथे होत्या, कुणाच्या तरी लघवीतून बाकीचं आलं. तळ्यात, डोहात, लहान ओढ्यात लघवी करू नये याला एवढं कारण पुरे.

याला अपवादही आहे. ग्रँड कॅन्यनमधल्या कोलोरॅडोसारख्या मोठ्या, वेगवान नदीच्या प्रवासात लघवी थेट नदीतच करायला सांगतात, कारण काठावरच्या वाळूच्या मोजक्या पट्ट्यांवर हजारो लोक मुक्काम करतात आणि तिथे पाऊस क्वचित पडतो. विष्ठा मात्र डब्यात भरून बाहेर. तेव्हा जाल तिथला नियम आधी विचारा.

बायकांनी काय वेगळं करायचं?

सगळ्यात आधी, पाणी पिणं कमी करायचं नाही. आडोसा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि लघवी रोखून धरणाऱ्या बायका प्रत्येक गटात असतात. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि वर मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण. यात गट नेणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. दीड-दोन तासांनी मुद्दाम थांबावं, कारण न विचारता, आणि पुरुषांनी पुढे चालायला लागावं.

सुती कापडाचा छोटा तुकडा फक्त लघवीनंतर पुसायला ठेवला, सॅकच्या बाहेर उन्हात वाळवला आणि रोज धुतला तर टिश्यूची गरज उरत नाही. उभ्याने लघवी करण्याचं नरसाळं मिळतं, थंडीत आणि दोरावर असताना कामाचं, पण घरी न्हाणीघरात आधी सराव करा. बसताना चढाकडे पाठ आणि उताराकडे तोंड, म्हणजे ओघळ पावलांकडे न येता पुढे जातो. मोठा सदरा किंवा गुडघ्यापर्यंतची ओढणी हा सगळ्यात सोपा आडोसा.

पाळीच्या दिवसांत?

पॅड आणि टॅम्पॉन पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत. पॅडमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो आणि रक्ताच्या वासाने प्राणी उकरतात. वापरलेले पॅड गुंडाळून, रंगीत पट्टी लावलेल्या झिपच्या पिशवीत. पाळीचा कप वापरत असाल तर त्यातलं रक्त खड्ड्यात ओतून बुजवा. कप हाताळण्याआधी हात धुवा, नंतर धुणं तर सगळ्यांना आठवतंच. पण रानात पहिल्यांदाच कप वापरून बघू नका, सवय आधी घरी करा.

लहान मूल सोबत आहे.

डायपर परत आणायचे, सगळे, ओलेसुद्धा. त्यातली विष्ठा आधी खड्ड्यात झटकली तर वजन आणि वास दोन्ही कमी. मोठ्या मुलांना खड्डा खणायला आवडतो, खुरपं त्यांच्या हातात द्या. ‘शी लागली’ हे मूल शेवटच्या क्षणी सांगतं, त्यामुळे मुक्कामाला पोहोचताच त्याच्यासाठी एक खड्डा तयार ठेवा. आणि बाळाची शी निरुपद्रवी असते हे मनातून काढून टाका, जंतूंना वय नसतं.

जुलाब लागले तर?

क्षारसंजीवनीची पाकिटं सामानात असलीच पाहिजेत. आजाऱ्यासाठी थोडा मोठा खड्डा, पाण्यापासून आणखी लांब, आणि दर वेळी वर माती. आजाऱ्याने स्वयंपाकाला, भांड्यांना, सगळ्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही. बरं वाटल्यावरही आणखी दोन दिवस नाही, कारण त्रास थांबला तरी विषाणू विष्ठेतून बाहेर पडत राहतो. वेळेत पोहोचता आलं नाही तर त्याची थट्टा करू नका. जुलाबात रक्त असेल, ताप असेल, किंवा लघवी थांबली असेल, तर प्रवास तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा.

झऱ्याचं पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतं.

जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचं कोष्ठ (त्याचं कवचबंद रूप) डोळ्यांना दिसत नाही. थंड पाण्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतं आणि पोटात गेल्यावर लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तेव्हा तुम्ही घरी परतून वेगळ्याच कुणाला दोष देत असता. पाण्याला खळखळून उकळी आली की १ मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं उकळा. क्लोरीनच्या गोळ्या क्रिप्टोस्पोरिडियमला मारत नाहीत. साधे फिल्टर परजीवी आणि जिवाणू अडवतात, विषाणू बहुतेकदा नाही.

जंगलातले प्राणी कुठे खड्डा खणतात? ते तर खतच आहे!

हा प्रश्न दर वेळी येतो, सहसा खुरपं न आणलेल्याकडून. रानातला प्राणी तिथलंच खातो आणि तिथेच टाकतो, आपण बाहेरून आणलेलं अन्न तिथे रिकामं करतो. तो पसरून राहतो, आपण सगळे त्याच पठारावर, त्याच सुट्टीच्या दिवशी जमतो. आणि मुख्य म्हणजे माणसाला होणाऱ्या आजारांचे जंतू माणसाच्या विष्ठेत सर्वाधिक सापडतात.

कुत्र्याचं काय?

उचला. पाळीव कुत्राही घरचं खाऊन येतो आणि त्याचे जंत व विषाणू वन्य प्राण्यांना होऊ शकतात.

मोठा गट असेल तर एकच चर खणावा की ज्याने त्याने वेगळं जावं?

शक्यतो वेगवेगळं आणि दूरदूर, कारण थोडी थोडी विष्ठा लवकर जिरते. मुलांचा गट असेल किंवा लोक लांब जायला घाबरत असतील, तर एक लांबट चर बरा, निदान सगळं एका जागी नीट पुरलं जातं. एका टोकापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाने आपल्यापुरती माती लोटायची.

कोण गेलंय हे कळण्यासाठी एक सोपी रीत आहे. खुरपं, साबण आणि पाण्याची बाटली एका ठरलेल्या झाडाला टांगून ठेवा. जागेवर नसतील तर समजायचं की तिकडे कुणीतरी आहे. विचारायला नको, ओरडायला नको. आणि कुणी परतताना समोर आलंच तर नमस्कार, चौकशी काही नको. सरळ आकाशाकडे बघत पुढे जावं.

दुसऱ्यांनी केलेली घाण दिसली तर उचलायची का?

कागद, वाइप्स, पॅड असतील तर उचला, पण हात न लावता. पिशवी हातावर मोज्यासारखी घाला, उचला, पिशवी उलटी करून गाठ मारा. उघडी विष्ठा असेल तर हलवत बसू नका. पाण्यापासून लांब असेल तर काटक्यांनी वर माती लोटा. पाण्याच्या अगदी काठाला असेल आणि तुमच्याकडे पिशवी असेल तरच उचला. सुया, रक्ताळलेल्या पट्ट्या दिसल्या तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि तिथल्या वनखात्याच्या किंवा उद्यानाच्या माणसांना कळवा. नंतर साबणाने हात धुवा, सॅनिटायझर असलं तरी.